अजून किती उरलंय?

आमच्या घराण्यात 'किती उरलंय?' या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर कुणाला मिळालेलं नाही. लहानपणी आई रॉकेलच्या डब्यात झाडूची काडी बुडवून बघायची. काडी कुठवर ओली झाली ते बघून 'गुरुवारपर्यंत पुरेल' असं जाहीर करायची, आणि बुधवारी रात्री पाहुणे पाटावर बसले की स्टोव्ह 'फुस्स' करून विझायचा. पुढे गॅस आला. तो सिलिंडर हलवून बघायचा असतो. हलवणाऱ्याला त्यातून काय कळतं ते मला अजून समजलेलं नाही, पण हलवून झाल्यावर 'आहे अजून' असं म्हणायची रीत आहे.

मग मी स्कूटर घेतली. तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकीचं झाकण उघडून स्कूटर गदागदा हलवायची. आतून 'डुबुक' असा आवाज आला की ऑफिस गाठता येतं, 'चुळुक' असा आला की पेट्रोल पंप, आणि काहीच आवाज आला नाही की स्कूटर ढकलायला लागायचं. या शास्त्रात मी इतका पारंगत झालो होतो, की पुण्यातला एकही चढ मी स्कूटर न ढकलता सोडला नसेल.

माझी अशी भाबडी समजूत होती, की ही सगळी जमिनीवरच्या मध्यमवर्गाची रड आहे. विमानात असले प्रकार नसणार. तिथे कसं, काटा म्हणजे काटा! ही समजूत दूर करण्याचं काम माझ्या भाच्याने केलं.

हा भाचा अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा गावी इंजिनियर आहे. सेसना आणि बीचक्राफ्ट या दोन्ही कंपन्यांनी तिथे इतकी छोटी विमानं बांधली, की आपल्याकडे जशी गावं पेढ्यांसाठी किंवा चिवड्यासाठी ओळखली जातात, तसं ते गाव विमानांसाठी ओळखलं जातं. तिथे राहून भाच्याने आणि त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने निम्मेनिम्मे पैसे घालून एक जुनं चार आसनी विमान घेतलं. विमान १९६७ सालचं. म्हणजे भाच्यापेक्षा वयाने मोठं. घरात आलेल्या वडीलधाऱ्याला वाकून नमस्कार करायचा, त्यात बसून उडायचं नसतं, हे माझ्या ताईचं म्हणणं त्याने ऐकलं नाही.

मी अमेरिकेला निघालो तेव्हा ताईचा फोन आला.

"तू तिकडे चाललाच आहेस, तर त्याचं ते विमान एकदा नीट बघून ये."

"ताई, मला विमानातलं काय कळतंय?"

"बाकीचं राहू दे. त्यात पेट्रोल भरलेलं असतं का, तेवढं बघ. तुझी स्कूटर किती वेळा बंद पडलीय! तुला अनुभव आहे."

एवढी पात्रता घेऊन मी विचिटाला उतरलो. भाचा तेव्हा विमानातला इंधन-प्रवाहाचा काटा, म्हणजे तासाला किती इंधन जळतंय ते दाखवणारं यंत्र, बदलण्याच्या खटपटीत होता. त्याने मला तीन संध्याकाळी ते समजावून सांगितलं. पहिल्या संध्याकाळी मला काही कळलं नाही, दुसऱ्या संध्याकाळी कळल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्या संध्याकाळी मला जी भीती वाटायला लागली, तीतून हा इतिहास लिहायची बुद्धी झाली.

इतिहासाची सुरुवात एका बुचापासून होते. १९३८ साली बाजारात आलेलं पायपर कंपनीचं जे-३ कब हे विमान पिवळ्याधमक रंगाचं आणि अतिशय गरीब स्वभावाचं होतं. हजारो माणसं त्याच्यावर उडायला शिकली. त्याची टाकी नाकात, वैमानिकाच्या समोर. बारा गॅलनची, म्हणजे साधारण पंचेचाळीस लिटरची. टाकीच्या झाकणाला एक भोक, भोकातून वर आलेली एक तार, आणि तारेच्या खालच्या टोकाला आत पेट्रोलवर तरंगणारं एक बूच. पेट्रोल कमी झालं की बूच खाली जातं आणि तार बुडते. वैमानिकाने काचेतून समोर बघायचं. तार उंच दिसली की मजेत जायचं, तार बुटकी झाली की खाली शेत शोधायचं. आमच्या आईच्या काडीत आणि या यंत्रात फरक एवढाच, की ही काडी आपली आपण वर यायची.

जुन्या टायगर मॉथलाही अशीच सोय होती. त्याची एकोणीस गॅलनची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावर, आणि तिच्या माथ्यावर तरंगत्या गोळ्याची खूण. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतली एक अख्खी पिढी मान वर करून ती खूण बघत उडायला शिकली.

आणि इंधनाच्या इतिहासात आपला मान मोठा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा आपलं पस मॉथ विमान घेऊन टपालाची पोती कराचीहून मुंबईला, जुहूच्या मैदानावर घेऊन आले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. वाटेत अहमदाबादला इंधनासाठी थांबले, तर पेट्रोलचे डबे आले होते बैलगाडीतून! मला हा प्रसंग फार आवडतो. बैलगाडीतून आलेले डबे मोजता येतात. चार डबे ओतले म्हणजे चार डबे. त्यात काटा खोटं बोलायला जागाच नाही. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास तशाच एका जुन्या विमानातून पुन्हा केला. माझं वय झालं म्हणून मला रिक्षाने जायला सांगणाऱ्या मंडळींना मी ही हकिकत नेहमी ऐकवतो.

खोटेपणा शिरला तो टाक्या पंखात गेल्यावर. विमानं धातूची झाली, टाक्या पंखांच्या पोटात बसल्या, आणि तार काही वैमानिकाला दिसेना. मग बुचाच्या जागी गोळा आला, गोळ्याला दांडा आला, दांड्याचं टोक एका विजेच्या तारेच्या वेटोळ्यावर घासायला लागलं, आणि तिथून निघालेला प्रवाह समोरच्या फळीवरचा काटा हलवायला लागला. १९५६ सालापासून विकल्या गेलेल्या सेसना १७२ सारख्या विमानांत ही व्यवस्था वर्षानुवर्षं होती. दिसायला फार शास्त्रीय. पण पंखातली टाकी असते पोळपाटासारखी पसरट. विमान जरा कललं की सगळं पेट्रोल एका कडेला. हवेत जरा धक्के बसले की काटे गरबा खेळायला लागतात. त्यात वीस-तीस वर्षांनी ती घासणारी टोकं गंजतात, आणि मग काटा एके ठिकाणी समाधी लावून बसतो.

"मामा, या काट्यांकडे बघूच नका," भाचा म्हणाला. "वैमानिकांत अशी म्हण आहे, की कायद्याने हे काटे फक्त टाकी रिकामी असतानाच बरोबर दाखवायला बांधलेले आहेत."

ही म्हण खरी नाही, हेही त्यानेच सांगितलं. प्रत्येक टाकीत किती इंधन आहे ते काट्याने दाखवायलाच हवं. फक्त शून्य कशाला म्हणायचं त्याचा नियम वेगळा लिहिलेला आहे. टाकीच्या तळाशी थोडं इंधन असं असतं, की ते आहे पण इंजिनापर्यंत पोचत नाही. ते 'निरुपयोगी इंधन'. सरळ उडताना तेवढंच उरलं, की काट्याने शून्य दाखवायचं. मला हे लगेच पटलं. आमच्या आजीच्या ट्रंकेत १९७८ साली रद्द झालेली हजाराची एक नोट होती. आहे, पण चालत नाही. आजीचा काटाही तिथे शून्यावरच असायचा.

आता, टाकीत किती आहे ते धड कळत नाही म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मग जातंय किती ते मोजा. शिल्लक कळत नसेल तर खर्च लिहा. ही कल्पना आमच्या घरी फार जुनी आहे. माझ्या पगारातून काय उरलंय ते मला कधीच सांगता आलं नाही, पण दूधवाला, पेपरवाला आणि वाणी यांना काय गेलं ते सौभाग्यवतींच्या वहीत पैशापैशाने लिहिलेलं असायचं.

साध्या कार्ब्युरेटरवाल्या छोट्या विमानांत असा प्रवाहाचा काटा बहुधा नसायचाच. जिथे इंधन दाबाने ढकलून प्रत्येक सिलिंडरपाशी बारीक तोटीतून फवारतात, त्या इंजेक्शनवाल्या इंजिनांच्या विमानांत तो असायचा. भाच्याच्या विमानातही होता. गोल तबकडी, तीवर 'तासाला गॅलन' असं छापलेलं. मी म्हटलं, "मग हा आहे की! बदलायचा कशाला?"

"मामा, हा प्रवाह मोजतच नाही."

"मग काय मोजतो?"

"दाब."

म्हणजे असं, की तोट्यांकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब एक बारीक नळी थेट वैमानिकाच्या गुडघ्यांपुढच्या फळीपर्यंत आणते, तबकडी तो दाब बघते, आणि 'एवढा दाब म्हणजे साधारण एवढे गॅलन' असं अंदाजाने सांगते. आत दाबमापक, तोंडावर मुखवटा प्रवाहमापकाचा! सगळ्या तोट्या स्वच्छ असतील तोवर हा अंदाज जमतो. पण एखादी तोटी कचऱ्याने तुंबली की गंमत सुरू होते. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरून बघा. नळीतला दाब वाढतो, पण बादलीत पाणी कमीच पडतं. तसं तोटी तुंबली की त्या सिलिंडरला इंधन कमी मिळतं, मागचा दाब वाढतो, आणि तबकडी सांगते, 'प्रवाह वाढला!' घरात उपासमार चालू आणि वहीत लिहिलंय, मेजवानी झाली.

या तबकडीवर विश्वास ठेवून माणसं वर्षानुवर्षं उडत आली, हे ऐकल्यावर मी भाच्याकडे एक ग्लास पाणी मागितलं.

नव्या यंत्राची युक्ती निराळी. इंजिनाकडे जाणाऱ्या इंधनाच्या वाटेत नखाएवढं पात्यांचं चक्र बसवतात. इंधन वाहिलं की चक्र फिरतं. पाती एका प्रकाशकिरणाच्या आडवी येतात आणि दर वेळी विजेचा एक ठोका निघतो. एका गॅलनला असे हजारो ठोके. छोटा संगणक ते मोजतो आणि तासाला किती जातंय, आतापर्यंत किती गेलं, उरलेलं किती वेळ पुरेल, सगळं आकड्यांत दाखवतो. शिवाय गुडघ्यांपुढे पेट्रोलची नळी आणायला नको, नुसती विजेची तार पुरते.

पण हे चक्र सासरी आलेल्या मानी सुनेसारखं असतं. त्याच्या आधी नळीला वाकण नको, इंधनात बुडबुडे नकोत, बसवायचं ते ठरावीक बाजू वर करूनच. शिवाय प्रत्येक चक्राचे ठोके किंचित वेगळे, त्यामुळे त्याचा स्वतःचा आकडा त्याच्याबरोबर येतो. तो संगणकाला सांगायचा, मग टाकी काठोकाठ भरून उडायचं, परत येऊन पुन्हा काठोकाठ भरायची, पंपाने किती दिलं आणि यंत्राने किती सांगितलं ते ताडून आकडा सुधारायचा. असं चार-सहा वेळा केलं की यंत्र पंपाशी जुळतं. आमच्याकडे वाण्याची वही आणि घरची वही चाळीस वर्षांत जुळली नाही.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, "मग आता ती मुखवट्याची तबकडी काढून टाक."

"काढता येत नाही, मामा."

प्रमाणपत्र असलेल्या विमानात हाताला येईल ते यंत्र बसवता येत नाही. त्यासाठी त्या यंत्राला त्या जातीच्या विमानात बसवायची सरकारी मान्यता लागते. आणि ही मान्यता जर नुसती 'सोबतीला' बसवायची असेल, मूळ काट्याच्या जागी बसवायची नसेल, तर मूळ काटा जागेवरच ठेवावा लागतो. भाच्याच्या यंत्राला 'सोबतीची'च मान्यता होती. म्हणजे खोटं बोलणारे आजोबा आरामखुर्चीत, आणि खरं बोलणारा नातू शेजारी स्टुलावर. पंखातल्या टाक्यांचे ते गरबा खेळणारे काटेही जिथल्या तिथे. मला त्या सरकारी नियमाचं हसू आलं. हे हसू मी पुढे मागे घेतलं, म्हणून आताच नोंदवून ठेवतो.

कारण या नव्या यंत्राचीही एक खोड आहे, आणि ती कुठल्याच दुरुस्तीने जात नाही. ते टाकीत डोकावत नाही. चक्रातून किती गेलं तेवढंच त्याला ठाऊक. सुरुवातीची शिल्लक तुम्ही सांगायची. उडण्याआधी 'टाकी भरली' असं बटण तुम्ही दाबायचं, आणि मग ते इमानेइतबारे वजाबाकी करत बसतं. टाकीला गळती लागली आणि इंधन चक्राच्या आधीच बाहेर गेलं, तर त्याला पत्ता नाही. तुम्ही सुरुवातीलाच थाप मारलीत, तर ते तुमचीच थाप दशांश चिन्हासकट तुम्हाला परत सांगतं.

आकडा आपल्यालाच कसा फसवतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण छोट्या नाही, चांगल्या दांडग्या विमानाचं आहे. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून मोजणी केली मापकाठीने. काठीने टाक्यांत ७,६८२ लिटर सांगितले, ते बरोबर होते. पण कॅनडात तेव्हा पौंड जाऊन किलो येत होते. लिटरचं वजन काढताना गुणलं १.७७ ने. हा आकडा पौंडांचा. किलोंचा आकडा होता ०.८ च्या आसपास. हवं होतं २२,३०० किलो, विमानात त्याच्या निम्म्याहून कमी. वाटेत हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायचा सराव होता. त्यांनी ते अवाढव्य विमान तरंगवत गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. तिथे त्या वेळी मोटारींच्या शर्यती होत असत. विमानातली ६९ माणसं वाचली. काठी खरं बोलली होती, चुकला तो गुणाकार. आणि विमानातला संगणक, माणसांनी दिलेला तोच आकडा धरून, शेवटपर्यंत 'इंधन आहे' म्हणत राहिला.

मी हे ताईला कळवलं नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचं २०१७ सालचं पत्रकही कळवलं नाही. त्यात म्हटलंय, की २०११ ते २०१५ या काळात तिथे छोट्या विमानांचे इंधनाच्या हलगर्जीपणाचे अपघात वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक झाले. त्यांतल्या शंभरांतल्या पंचाण्णवांत माणसाची चूक होती, यंत्राची फक्त पाचांत. आणि त्या वैमानिकांत शिकाऊ होते शेकडा दोन. जवळजवळ निम्मे मोठमोठ्या परवान्यांचे अनुभवी. शिकाऊ माणूस काठी बुडवून बघतो. अनुभवी माणसाला ठाऊक असतं.

शिकागोला ओळखीच्यांकडे गणपतीला जायचं ठरलं. समोरून वारा होता, त्यामुळे चार तास लागणार. तासाला पंधरा गॅलन. सकाळी विमानतळावर पोचलो. आदल्या आठवड्यात मित्र विमान घेऊन गेला होता आणि परत आल्यावर 'भरून ठेवलंय' असा निरोप देऊन मोकळा झाला होता. भाच्याने बटण दाबलं. यंत्राने सांगितलं, चौऱ्याहत्तर गॅलन. चार तासांचे साठ गेले तरी चौदा उरणार, म्हणजे जवळजवळ तासाभराचं.

मी म्हटलं, "काठी आहे का?"

"मामा, एवढं यंत्र बसवलंय ना!"

"ते बघितलं. पण मला ताईला सांगायचंय."

आईचं नाव काढल्यावर तो निमूटपणे शिडी घेऊन आला. सामानाच्या कप्प्यातून खुणा केलेली एक लाकडी काठी काढली, पंखावरचं झाकण उघडलं आणि आत बुडवली. बाहेर काढून बघितली. पुसली. पुन्हा बुडवली. मग काही न बोलता दुसऱ्या पंखाकडे गेला.

डावीकडे तीस. उजवीकडे तीस.

टाकीच्या तोंडाच्या आत थोडं खाली एक पट्टी असते. सामान जास्त असलं की विमान जड होऊ नये म्हणून तिथपर्यंतच इंधन भरतात. मित्राने पट्टीपर्यंत भरलं होतं, आणि त्याच्या भाषेत ते 'भरलेलं'च होतं. भाच्याच्या भाषेत 'भरलेलं' म्हणजे काठोकाठ. साठ गॅलन घेऊन चार तास, तासाला पंधरा. हा हिशेब मला शिडीखाली उभ्याउभ्या तोंडी करता आला, आणि गणितात मी कधीच हुशार नव्हतो. शिकागोच्या घरांवर आम्ही पोचलो असतो तेव्हा यंत्राने शांतपणे 'अजून चौदा' दाखवलं असतं.

भाचा शिडीवरून उतरला. त्याचा चेहरा लहानपणी आमच्याकडे बरणी फोडली होती तेव्हा झाला होता तसाच होता. तो आत बसला आणि त्या जुन्या, गरबा खेळणाऱ्या काट्यांकडे बघत राहिला. मीही डोकावलो. विमान उभं होतं, त्यामुळे काटे स्थिर होते. दोन्ही काटे पाऊण टाकीच्या जरासे पुढे. काठीने सांगितलं तेच.

"हे दोघं मघापासून हेच सांगत होते," तो म्हणाला.

"मग तू ऐकलं का नाहीस?"

"मामा, यांचं कुणीच ऐकत नाही."

मी त्या वेळी काही बोललो नाही. ज्याला आपण खोटारडा ठरवून टाकतो, तो एखाद्या दिवशी खरं बोलला तर ऐकणारं कुणी उरलेलं नसतं. आमच्या आळीत असे दोन-तीन म्हातारे होते. ते काटे जागेवर ठेवायला लावणाऱ्या सरकारी नियमाला मी मनातल्या मनात हात जोडले. एका काट्याने खरं सांगावं म्हणून माणसाने नव्वद वर्षं डोकं लढवलं, बूच, गोळा, दाब, चक्र, संगणक. पण माणूस वाचतो तो एकाच्या खरेपणामुळे नाही. एकमेकांना कधी न भेटलेले दोन साक्षीदार घ्यावेत, आणि त्यांच्या जबान्या जुळतात का ते उडण्यापूर्वी बघावं. जुळल्या नाहीत, तर कोण खरा याचा वाद न घालता शिडी आणावी.

पेट्रोलची गाडी बोलावली. तिच्या मीटरवर चौदा गॅलन झाले तेव्हा टाक्या काठोकाठ भरल्या. भाच्याने पुन्हा काठी बुडवली, काटे बघितले, आणि मगच बटण दाबलं. शिकागोला उतरलो, यंत्र चौदा म्हणालं. त्याने मला न विचारता शिडी मागवली आणि काठी बुडवली. काठीही चौदाच म्हणाली.

रात्री आरती झाल्यावर ताईचा फोन आला.

"बघितलंस का विमान? पेट्रोल भरलेलं असतं ना?"

"असतं," मी म्हटलं. "विमान चांगलं आहे. त्याला फक्त ती काठी हरवू नकोस म्हणून सांग."

"कसली काठी?"

"आई रॉकेलला वापरायची ना, तसली."

ताई जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे एवढे डॉलर घालून त्याने काडीच घेतली म्हण की!"